मोठ्या बाईंच्या फेऱ्या

माझ्या वर्गात नियम एकच आहे, आणि तो मी माझ्याच जिभेला आवर घालायला केला. जो निकाल देईल, त्यानं हॉलला एक फेरी मारायची. चारही भिंतींच्या कडेनं, एकट्यानं, बाकीचे सगळे थांबलेले असताना. निकाल म्हणजे काय, तर "छान झालं", "बिघडलं", "मला मेलीला जमणारच नाही", "शी, काय हे पोट". स्वतःबद्दल असो की शेजारच्याबद्दल, कौतुक असो की निंदा, फेरी ठरलेली. त्याऐवजी जे घडलं तेवढंच बोलायचं. उजवा खांदा वर गेला. श्वास अडला. टाच टेकायच्या आधीच मी वळले. बस्स, तेवढंच.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त फेऱ्या कुणी मारल्या असतील, तर मी. राग माझ्या नाकावरच राहायला असतो, त्याला दुसरं घर नाही. एकदा एका तासात माझ्या चौदा फेऱ्या झाल्या, आणि पंधरावी "कुठल्या गाढवानं केला हा नियम" असं म्हटल्याबद्दल झाली.

नियम सुचला तो माझ्या गुडघ्यामुळे. सहा वर्षांपूर्वी तो बदलावा लागला. जन्मभर नाचलेली बाई मी, आणि मला जिना चढायला शिकवायला हॉस्पिटलनं एक फिजिओथेरपिस्ट पाठवली, माझ्या निम्म्या वयाची. पलंगावर पडल्या पडल्या मी त्या गुडघ्याचा असा उद्धार करायचे की शेजारच्या पेशंटनं पडदा ओढून घेतला. ती पोरगी एक दिवस शांतपणे म्हणाली, "बाई, किती वाकला तेवढं आधी सांगा. शिव्या मागाहून घाला." मी सांगायला गेले तर मला सांगता येईना. शरीराच्या जिवावर मी आयुष्यभर पोट भरलं होतं. गुडघा किती वाकायला हवा हे मला तोंडपाठ होतं, पण तो आत्ता किती वाकतोय हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लाज वाटली मला त्या दिवशी.

मग पाहायला शिकले. तीन महिन्यांनी हॉलमध्ये एकटीच उभी राहिले, गाणं लावलं आणि हात उचलला. डोक्यात लगेच आवाज सुरू झाला, काय हा हात, काय ही कंबर, कुठे होतीस आणि कुठे आलीस. मी त्याला म्हटलं, तू बोल बाबा, मी आपली बघते. वजन डाव्या पायावर जास्त होतं. उजव्या हाताची करंगळी ताठ होती. वळताना मी डोळे मिटत होते, हे तर मला बावन्न वर्षांत माहीत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा मी घामाघूम झाले होते आणि फार दिवसांनी मला माझी सोबत आवडली होती.

त्यानंतर वर्गच बदलला. ज्यांना मुलींना स्टेजवर उभं करायचं होतं ते आईबाप एकेक करून निघून गेले. उरलेले आणि नव्यानं आलेले मिळून नऊ जण झाले. त्यात निवृत्त झालेले पोस्टमनकाका आहेत. त्यांचा डावा खांदा पस्तीस वर्षं पिशवी वाहून कानाशी जाऊन बसलाय. एक दातांची डॉक्टर आहे, आम्ही तिला दातवाली म्हणतो. ती दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघते, आणि सकाळी आमच्याकडे येऊन पाठ सरळ करते. आम्ही नाचतो, आणि शेवटी गोल करून बसतो. प्रत्येकानं आपल्याला काय दिसलं ते दोन वाक्यांत सांगायचं आणि घरी जायचं.

ताईला हे कळलं तेव्हा तिनं मुद्दाम फोन केला. म्हणाली, "भिंगरे, तू नाच शिकवतेस की शोकसभा भरवतेस?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणापासून ती मला भिंगरी म्हणते. हॉल मुळात तिचा. छत्तीस वर्षं तिनं तिथे नाच शिकवला, सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे, आणि भावोजींच्या निवृत्तीनंतर ते दोघं दुसऱ्या गावी राहायला गेले तेव्हा तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. तिनं कधी कुणावर हात उगारला नाही, तशी गरजच पडली नाही. ती नुसती बघायची आणि एक वाक्य बोलायची. मी बारा वर्षांची असताना मला म्हणाली होती, "तुझे हात उसने आणल्यासारखे वाटतात. मालकिणीला परत देऊन ये." मी कपाटामागे जाऊन रडले. पण दुसऱ्या दिवशी तिनं सगळा वर्ग गेल्यावर मला थांबवलं आणि दोन तास फक्त माझं मनगट धरून उभी राहिली. तिच्या त्या एका वाक्यासाठी मुली तिचा राग करायच्या आणि त्याच वाक्यासाठी पुन्हा यायच्या. तिच्यासारखं आपल्याला कुणी बघत नाही, हे त्यांना कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. मूलबाळ नाही. गेल्या वर्षी ताईचा उजवा हात थरथरायला लागला, मग पावलं लहान झाली. कंपवात आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. ती बाथरूममध्ये पडली तेव्हा मी जाऊन तिची पेटी भरली आणि तिला माझ्याकडे घेऊन आले. ती वाटभर माझ्या गाडी चालवण्यावर निकाल देत होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. गोळ्या त्यांचं काम करतील, पण रोज चालायला हवं. चालणं सुटलं तर शरीर आखडत जाईल आणि वर्षभरात त्या पलंगाला खिळतील. ताईला त्यांनी रोज चाला एवढंच सांगितलं. तिनं दवाखान्यात मान हलवली आणि घरी आल्यावर ठाम नकार दिला. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंत धरून जायची, तेवढंच तिचं चालणं. बागेत चल म्हटलं तर नाही, गच्चीवर चल म्हटलं तर नाही. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "ही चाल माझी नाही. ती मी चारचौघांत दाखवणार नाही." मी हात टेकले. मला ताई पलंगाला खिळलेली नको होती. दुसरं मला काहीच नको होतं, आणि त्यासाठी मी वाट्टेल ते करायला तयार होते.

तिला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून सकाळी मी तिला वर्गावर न्यायला लागले. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली फर्निचरचं दुकान. दुकानदाराची मालाची लिफ्ट आहे, तिच्यातून तिला वर न्यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एक तीन जणांचा सोफा होता. ताई त्यावर पाय जोडून बसली आणि बसल्या बसल्या वर आली. खिडकीपाशी मी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तिनं खुर्चीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं, छताचा रंग कुणी निवडला ते विचारलं, आणि बसली.

दहा मिनिटं ती नुसती बघत होती. मग पोस्टमनकाका तिच्या समोरून हात पसरून गेले.

"अहो, किती भिकार नाचता," ती म्हणाली. "ती पिशवी उतरवा की खांद्यावरून आता."

दातवालीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "निकाल. फेरी." आणि मग आपण कुणाला बोललो हे कळून तिचा चेहरा पांढरा पडला.

ताईनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणते ती?"

मी नियम सांगितला आणि घाईघाईनं म्हटलं, "पण तुला काही तो..."

"मला काही तो काय? मी वर्गात बसलेय ना?"

ही तीच बाई होती, जी एकदा स्वतःच्या वर्गाला चार मिनिटं उशिरा आली आणि उशिरा येणाऱ्यानं आत यायचं नाही या स्वतःच्याच नियमाप्रमाणे तासभर जिन्यात उभी राहिली. आम्ही आत तिच्याशिवाय नाचत होतो, आणि ती दाराबाहेरून ताल देत होती.

ताई खुर्चीचे हात धरून उठली. तिसऱ्या प्रयत्नात उठली. आणि भिंतीच्या कडेनं निघाली. पावलं एवढीएवढीशी, जमिनीला घासत जाणारी. कोपऱ्यावर वळायला तिला फार वेळ लागला. पंखा फिरत होता तेवढाच आवाज होता, आणि तिच्या चपलांचा. मी घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं वीस सेकंद. ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "चालू करा. थांबलात कशाला?"

मला आतून उड्या माराव्याशा वाटत होत्या. तीन महिन्यांत ती एवढी चालली नव्हती.

पुढचं काय सांगावं. नियम पाळायचा म्हणजे पाळायचा, आणि जीभ आवरायची नाही म्हणजे नाही, अशा दोन्ही गोष्टी ताईच्या स्वभावात आहेत. दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. आठवड्याच्या शेवटी सात. दातवालीला ती म्हणाली, "मुली, तुझी मान तेवढी नाचते, बाकीची तू दवाखान्यातच राहतेस." एक फेरी. गाणं कुठल्या बहिऱ्यानं निवडलंय, एक फेरी. मला म्हणाली, "या वयात तुझं वळण सुधारलंय हे मान्य करायला हवं." कौतुकाचीही फेरी असतेच. ती हसत हसत उठली. प्रत्येक वेळी मी घड्याळ बघायचे. चार मिनिटं. तीन पन्नास. तीन चाळीस.

महिन्यानं डॉक्टरांकडे गेलो तर तेही खूश झाले. वळताना आधी बारा पावलं लागायची, आता आठ. "काय चालवलंय घरी?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "माझ्या तोंडाचा पट्टा." परतताना तिनं स्वतःहून गच्चीचा विषय काढला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर चहा प्यायलो, तिनं कप दोन्ही हातांत धरला, मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, आणि मला वाटलं की जिंकलं.

आणि मग मला हाव सुटली. सरळ सांगते, दुसरा शब्द नाही. सात फेऱ्यांनी एवढा फरक पडतो, तर बारांनी किती पडेल, असा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला. पण माझ्या माणसांनी ताईचं ऐकून ऐकून स्वतःत सुधारणा केली होती, मेल्यांनी, आणि निकालाला जागा उरेना. म्हणून एका मंगळवारी ताई लिफ्टमधून वर येत होती तेव्हा मी नऊ जणांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "उद्यापासून जरा वाईट नाचा."

पोस्टमनकाका म्हणाले, "किती वाईट?"

"पहिल्या दिवशी नाचत होतात तेवढं."

सगळ्यांचा ताईवर जीव जडला होता. कुणी हरकत घेतली नाही. पोस्टमनकाकांनी खांदा कानापर्यंत नेला. दातवाली ताल चुकवायला लागली. मीही मागे राहिले नाही, हात पसरताना मनगट ढिलं सोडायला लागले. बुधवारी ताईच्या अकरा फेऱ्या झाल्या. गुरुवारी ती पहिल्या गाण्यात दोनदा बोलली, दोनदा उठली, आणि मग तिनं बोलणं थांबवलं. तिनं पोस्टमनकाकांकडे बराच वेळ बघितलं. मग दातवालीकडे, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. शेवटी गोल करून बसलो. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला काही दिसलं नाही."

शुक्रवारी तिनं एकही निकाल दिला नाही. फेरीही नाही. शनिवारी तेच. मी मनगट तुटल्यासारखं लोंबकळू दिलं, काकांनी दोन्ही खांदे वर नेले, दातवाली तर चक्क उलट्या दिशेनं वळली. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात अडकली. उंबरठा नाही, काही नाही, साधं दार. पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि पुढे येईनात. ती चौकट धरून उभी होती, मी तिचा हात धरून उभी होते, आणि शेवटी मी मागून खुर्ची सरकवली तेव्हा कुठे ती खाली बसली. भीती वाटली की मला राग येतो, हे माझं जुनं दुखणं.

"का बंद केलंस तू?" मी ओरडलेच. "चांगलं चाललं होतं ना? काय मिळवलंस तोंड बंद ठेवून? पलंगावर पडायचंय तुला?"

ताईचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग ती हळू आवाजात बोलली. आजारानं तिचा आवाजही लहान झाला आहे, त्यामुळे भांडतानाही तिच्याजवळ सरकावं लागतं.

"पोस्टमनचा खांदा मंगळवारपर्यंत आपला आपण वर जात होता," ती म्हणाली. "बुधवारपासून तो उचलायला लागला. छत्तीस वर्षं मी काय माशा मारत बसले होते?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"आणि तुझं मनगट. ते मी बसवलंय. ते असं पडत नाही."

"तुझ्यासाठीच केलं ना ताई."

"माहीत आहे. म्हणूनच सहन झालं नाही. मला वाटलं होतं, मी बघते ते त्यांच्या उपयोगाचं आहे. तुम्ही मला खेळवत होतात."

"तुला चालवायचं होतं मला," मी म्हटलं. "डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत आहे, तुला नाही."

"मलाही माहीत आहे. मी बहिरी नाही, नुसती हळू आहे. एक सांग. माझी फेरी चालू असते तेव्हा तू कुठे बघतेस?"

"तुझ्याकडे."

"घड्याळाकडे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"ते नऊ जण आपापल्या पायांकडे बघतात आणि तू घड्याळाकडे. सबंध हॉलमध्ये मला एक माणूस बघत नाही. आणि म्हणे बघण्याचा वर्ग." तिनं थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. "एवढं वाईट दिसतं का गं ते?"

मी भाजी चिरायला घेतली आणि चिरत राहिले, पाहिजे त्याच्या दुप्पट.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी हॉलवर गेले. ताईला आणायला दातवालीला सांगितलं होतं. गाणं लावलं नाही. नुसती नाचायला लागले, आणि नाचता नाचता ताईची ती चाल मनात आणली. माझं काय होतं ते बघायचं ठरवलं, एवढंच. श्वास वर अडकला. जबडा आवळला. हातांची बोटं मिटली. मान डावीकडे गेली, घड्याळ लावलंय त्या भिंतीकडे. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मान डावीकडे. डोक्यातला आवाज म्हणत होता, काय बहीण आहेस तू. त्याला म्हटलं, बोल तू, मी बघते. चौथ्या वेळी मी जमिनीवर बसून रडले. रडताना डावा खांदा हलत होता, उजवा स्थिर होता. तेही बघितलं. सहा वर्षं मी लोकांना हे शिकवत होते, आणि जिथे ते सगळ्यात अवघड होतं, तिथे मी मिनिटं मोजत उभी होते.

वर्ग भरला. मी म्हटलं, आज आधी गोल करून बसू, नाच मागाहून. ताई तिच्या खुर्चीवर होती, बाकी सगळे खाली. सुरुवात मी केली.

"ताई चालते तेव्हा माझा श्वास अडतो," मी म्हटलं. "जबडा आवळतो. मान घड्याळाकडे वळते. मी तिला एकदाही पूर्ण फेरीभर बघितलेलं नाही. आणि वाईट नाचायला मीच तुम्हाला सांगितलं होतं, ते आता पुरे."

मग पोस्टमनकाका घसा खाकरून म्हणाले, "मी माझ्या अंगठ्याकडे बघतो. मोठ्या बाई कोपऱ्यावर आल्या की अंगठा वर उचलला जातो माझा. जणू मीच वळतोय." दातवाली म्हणाली, "माझे डोळे मिटतात."

"झालं सगळ्यांचं?" ताईनं विचारलं. तिनं खुर्चीचे हात धरले. ती कुणाला काही बोलली नव्हती, कसलीही फेरी तिच्याकडे निघत नव्हती. ती पहिल्या प्रयत्नात उठली नाही, दुसऱ्यात उठली. "आता बघा," ती म्हणाली. "भिंगरे, तू मला सांगायचं."

ती निघाली. मी बघितलं. मान डावीकडे जायला लागली की मी तिला परत आणत होते. श्वास अडला की सोडत होते. ताई कपाटापर्यंत गेली, कोपऱ्यात वळली, दारापर्यंत आली, पुन्हा वळली. किती वेळ लागला ते मला माहीत नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, किंचित पुढे झुकून.

"सांग."

"उजवा हात हलत नाही," मी म्हटलं. "डावा हलतो. पाऊल चार बोटांचं आहे. टाच उचलत नाहीस, पाऊल घासत पुढे नेतेस. पहिल्या कोपऱ्यात नऊ पावलं लागली, दुसऱ्यात सात. वळायच्या आधी डोळे वळतात, मग मान, मग बऱ्याच वेळानं पाय. हनुवटी सबंध वेळ वर होती. खिडकीपाशी तू थांबलीस, तेव्हा ओठ हलले तुझे."

"ताल मोजत होते."

"किती?"

"चार. आणि?"

"आणि काय?"

"तुझ्या तोंडावर अजून आहे काहीतरी."

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "तू पडशील म्हणून नाही. तू जाशील म्हणून."

नऊ माणसांसमोर बोलले मी हे. ताईनं माझ्याकडे तसंच बघितलं, जसं ती आम्हा सगळ्यांकडे छत्तीस वर्षं बघत आली होती, एकही गोष्ट न सोडता.

"मलाही वाटते," ती म्हणाली.

माझ्या अठ्ठावन्न वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. भावोजी गेले तेव्हाही नाही.

मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं आता ती बसेल. पण ती बोलायला लागली, वाकून ऐकावं लागेल अशा आवाजात. "माझा उजवा पाय मला सापडत नाही. डोळ्यांना दिसतो, आतून सापडत नाही. टाकून झाल्यावर कळतं की टाकला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय माझ्याखाली आहे असं वाटतं, आणि तो केव्हा निघेल ते मला कुणी सांगत नाही. तू आत्ता सांगितलंस ना टाच उचलत नाही म्हणून? तेव्हा मला टाच असल्याचं कळलं. माझ्या बाजूनं चाल. दिसेल ते बोलत राहा. बाकी काही करू नकोस, धरू नकोस मला."

मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. बाकीचे भिंती सोडून मध्ये सरकले आणि आम्हाला वाट झाली. कुणी खाली बघत नव्हतं.

"डावा पाय," मी म्हटलं. "टाच वर. गेला. उजवा. उजवा थांबलाय. टाच खालीच आहे. आता उचलली. गेला. पाच बोटं. डावा."

अशा आम्ही निघालो. मी बोलत होते आणि ती चालत होती. कपाटापाशी मी "शाब्बास" म्हणणार होते, ते गिळलं, आणि उजवा हात किंचित हलला एवढंच म्हटलं. पहिली फेरी झाली. ती बसली नाही. दुसऱ्या फेरीत पाऊल वीतभर झालं, मी तसं सांगितलं, तर पुढचं पुन्हा चार बोटांचं पडलं, मी तेही सांगितलं. तिसऱ्या फेरीत, दुसऱ्या कोपऱ्यावर वळताना मी म्हणत होते, "डोळे वळले, मान वळली, उजवा पाय...", आणि ताईनं हात वर केला.

"आता गप्प बस," ती म्हणाली. "सापडला."

मी गप्प बसले, आणि तिच्या बाजूनं चालत राहिले.